किती मजल्यांचं

इथे सकाळचे दहा, तेव्हा बर्बँकमध्ये रात्रीचा एक.
डॅरिलची जांभई आधी पडद्यावर दिसते,
आवाज मागून येतो.
मी मधे बसते, हेडफोन एकाच कानाला.
त्याचं इंग्रजी ऐकायचं आणि स्कोप्येच्या चाळीस वादकांना
मॅसेडोनियनमध्ये सांगायचं, एवढंच माझं काम.
तासाचे पैसे मिळतात. जेवणाच्या सुट्टीचे नाहीत.

आज सव्वादोन मिनिटं वाजवायची आहेत.
सिनेमा अजून कोणी पाहिलेला नाही,
बहुधा तो अजून झालेलाही नाही.
ट्रेलर मात्र ठरलाय:
आधी एकटा पियानो, नळ गळावा तसा,
मग ढोल, मग पितळी वाद्यं, मग गायकवृंद,
जो लॅटिनसारखं काहीतरी गातो.
(स्पासेंकानं एकदा अर्थ विचारला होता.
मी तिकडे विचारून सांगितलं:
अर्थ नाही, फक्त तोंड मोठं उघडा.)
मग एकदम सगळं बंद. दीड सेकंद.
मग धडाम्.

"छान," डॅरिल म्हणाला, "पण अजून मोठं हवं.
जग कोसळतंय असं."
मी सांगितलं: जग कोसळतंय असं.
ट्रम्पेटवाल्यांनी ओठ पुसले,
व्हायोलिनवाल्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या,
आणि शेवटच्या रांगेतून
कॉन्ट्राबासच्या खांद्यावरून म्हाताऱ्या स्तोयमिरनं हात वर केला:
"विचार त्याला, किती मजल्यांचं?"

मला वाटलं विनोद आहे. कोणी हसलं नाही.
"आमचं चार मजल्यांचं होतं.
त्रेसष्टचा जुलै, पहाटे पाच वाजून सतरा मिनिटं.
मी सात वर्षांचा, तिसऱ्या मजल्यावर, झोपलेला.
त्याला सांग, ढोल नव्हते.
आधी कपाटातल्या बश्या बोलायला लागल्या,
आपापसात, हळू,
मग पुढचं ऐकूच आलं नाही,
ते अंगालाच कळलं.
आणि त्यानंतर जे शांत झालं ना,
तेवढं बरोबर आहे तुमच्या कागदावर.
फक्त तोकडं आहे."

"काय म्हणतोय तो?" बर्बँकमधून आवाज आला.
तिथे मीटर पडत होता. इथेही पडत होता.
मी म्हटलं, "तो म्हणतोय, विराम थोडा वाढवता येईल का."
साठ वर्षं एका वाक्यात बसवली.
अशी वाक्यं मला जमतात.

डॅरिलनं मनापासून विचार केला, खोटं कशाला बोलू.
डोळे मिटून बोटांवर मोजलं.
मग म्हणाला, "दोन सेकंदांच्या वर गेलं
की लोकांना वाटतं फोन बिघडला."
तेही मी सांगितलं.
स्तोयमिरनं गजाला राळ लावली.

सातव्या खेपेला जग नीट कोसळलं.
त्या दीड सेकंदात मी काचेपलीकडे पाहिलं:
एकोणचाळीस जण मनात मोजत होते.
स्तोयमिरचा गज हवेत,
मान किंचित कललेली,
शेजारच्या खोलीतल्या कपाटाकडे लक्ष असावं तशी.
धडामला तो अर्धा ठोका मागे राहिला.
"मिक्समध्ये झाकलं जाईल," क्लिमे म्हणाला, बटणांवरून मान न उचलता.
झाकलं गेलं.

एक वाजता सगळ्यांनी सह्या केल्या.
करारात असतं: सर्व हक्क, सर्व माध्यमं,
आजची आणि यापुढे शोध लागतील ती,
संपूर्ण विश्वात, अनंत काळापर्यंत.
स्तोयमिरनं चष्मा कपाळावर सरकवून
विश्वाच्या खाली सही केली
आणि कॉन्ट्राबास पाठीला लावून बस पकडायला निघाला.

सिनेमा पुढे बारगळला. संगीत वाया जात नाही.
मार्चमध्ये ते मला भेटलं गाद्यांच्या जाहिरातीत:
पियानो, ढोल, स्पासेंका, सगळं तसंच,
एक बाई उंचावरून पाठीवर पडत येते, अगदी सावकाश.
विराम चक्क तीन सेकंदांचा.
तेवढ्यात तिला झोप लागते.

मी फोन हलवून पाहिला.
चालू होता.