पात्र

चौदा ऑक्टोबरनंतर आम्ही जबाबदार नाही,
असं संगणक गेले चार महिने सांगतोय,
निळ्या चौकटीत, फार सभ्यपणे.
खाली दोन बटणं : एक "आत्ता",
दुसरं "नंतर आठवण करा".
मी रोज दुसरं दाबतो
आणि चहा टाकायला उठतो.

नवी सिस्टिम याच्यावर चढतच नाही.
तपासणी झाली, उत्तर आलं : हे यंत्र पात्र नाही.
खिडकीतून टे नदीचं पात्र दिसतं,
ओहोटीला नुसता चिखल, वाळूच्या उघड्या पाठी,
आणि त्यावर निवांत बसलेले बगळे.
तिला कुणी अटी विचारल्याचं ऐकलं नाही.

खालच्या मजल्यावरचा स्ट्रूअन बघून गेला.
झाकण काढलं, धूळ फुंकली, शिंकला.
म्हणाला, मिस्टर कुंभोजकर, यात एक चिप नाही.
एवढीशीच. करंगळीचं नख दाखवलं.
नवं घ्या, नाहीतर वर्षाची मुदतवाढ घ्या,
नाहीतर मी फुकटातली दुसरी टाकून देतो,
आठवड्यात शिकाल.
सव्वीस वर्षांचा आहे तो.
त्याचा आठवडा सात दिवसांचाच असतो.

मी इचलकरंजीहून इथे आलो ते मागांसाठी.
डंडीत तेव्हा तागाच्या गिरण्या होत्या, उरल्यासुरल्या,
आणि आमच्या खात्यातले माग माझ्या बापाच्या वयाचे.
ते बनवणारी कंपनी कधीच बुडालेली.
मेलेल्या मागाचं दातेरी चाक काढून
आम्ही जित्याला बसवायचो.
एकोणीस नंबर असा नऊ वर्षं चालला.
मग पत्र आलं.
तेही फार सभ्य होतं.

त्या सगळ्या दुरुस्त्या मी रिटायर झाल्यावर मराठीत लिहिल्या,
याच यंत्रावर, भाच्याने सीडीवर दिलेल्या जुन्या फॉन्टमध्ये.
तीनशे बारा पानं. कुणी मागितली नव्हती.
त्यातली दोन मंदाच्या टॅबलेटवर उघडून पाहिली :
काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे,
जोडाक्षरं उसवलेली,
गोणपाट फाटून धान्य सांडावं तशी.
धोटा शोधत बसलो. सापडला नाही.

मंदा म्हणते, भंगारात द्या आणि मोकळे व्हा.
तिने गुडघा बदलला. तीन वर्षं नको-नको म्हणाली,
आता नदीकाठच्या हिरवळीपासून पर्थ रोडपर्यंतचा चढ
माझ्या पुढे चढून, वर उभी राहून वाट बघते.
पण परवा समुद्रावरून धुकं आत आलं,
दोरीवरच्या चादरी भिजल्या,
तेव्हा गुडघ्यावर नुसता हात ठेवून म्हणाली,
जुना असता तर सकाळीच बोलला असता.

तेरा तारखेच्या रात्री मी इंटरनेटची वायर उपटली.
याला निर्णय म्हणायचं की नाही, ठाऊक नाही.
वायर गुंडाळून रबरबँड लावून
चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली, फेकली नाही.

चौदाला तो नेहमीसारखाच खुरखुरत उठला.
चौकट आली नाही. येणार कुठून?
एकोणीस नंबरची फाइल उघडली,
शेजारी मंदाचा टॅबलेट फळांच्या वाडग्याला टेकवून उभा केला
आणि इकडे बघत, तिकडे एका बोटाने,
पहिली ओळ पुन्हा लिहिली :
धोटा अडकल्यास आधी आपला हात मागे घ्यावा.

रोज अर्धं पान धरलं तर पावणेदोन वर्षं.
पंख्याचा आवाज मला काही ठीक वाटत नाही.

आतून हाक : विजेचं बिल भरलं का?
वायर काढलीय, म्हटलं.
मग माझा टॅबलेट द्या.
देतो.
एवढी ओळ होऊ दे.