बर्फावरचं टपाल

डॉक्टर म्हणाल्या, चुकत काहीच नाही, हिल्का.
एक ठोका घाईने आधीच येऊन जातो,
मग हृदय जरा थांबतं,
आणि पुढचा थोडा जोरात पडतो.
एवढंच.

एवढंच, म्हणत मी कोट चढवला.
तीन बटणं लावली.
चौथ्यापाशी तो आलाच.

काळजाचा ठोका चुकला, असं लोक किती सहज म्हणतात,
जिन्यावर पाय घसरला तरी,
लॉटरीचा एक आकडा जुळला तरी.
माझा चुकतो काहीही न घडता,
कांदा चिरताना, बूट घालताना,
शेजारणीच्या नातवाचं नाव विचारताना.

तेव्हापासून उजवी दोन बोटं मानेवर असतात.
डाव्या हाताने पत्रं वाटते,
डाव्यानेच कुलूप उघडायला शिकले.
तूरे विचारतो, मफलर सारखा का नीट करतेस?
टोचतो, म्हणते.
एकतीस वर्षांच्या संसारात हे एकच खोटं,
तेही लोकरीचं.

डाव्या कुशीवर झोपणं सोडलंय.
उशीतून ऐकू येतं सगळं:
धप धप, धप धप, धप
आणि मग ती जागा.
एवढीशी, की एक शब्दही मावू नये.
पण मी मावते तिच्यात अख्खी,
पायमोज्यांसकट,
आईच्या वयासकट, जी त्रेपन्नाव्या वर्षी
गोठ्यात दुधाची बादली नीट टेकवून मग पडली.
थेंबही सांडला नव्हता.
मला बावन्न.

फेब्रुवारीत समुद्र गोठला की
बेटापर्यंत बर्फावरून रस्ता उघडतो.
पाटी असते: पट्टा सोडा. अंतर ठेवा. मध्ये थांबू नका.
छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला डबी,
चोवीस तास माझी चहाडी टिपून घेणारी.
ओली करायची नाही, म्हणून शनिवारची सौना बुडाली.
सोबत एक वही: काय केलं, काय वाटलं, किती वाजता.

९.१० गाडी सुरू केली. आला.
९.१४ समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. आला, दोनदा.
९.२० आला नाही. म्हणून जास्त भीती वाटली.

बेटावर म्हातारा ओइवा पेटीपाशीच उभा असतो.
त्याला पत्रं येत नाहीत, बियाण्यांची यादी येते,
तीही बायकोच्या नावाने, जी आता नाही.
माझ्या मानेवरची बोटं बघून म्हणाला, कधीपासून?
ऑक्टोबर.
त्याने मान हलवली, यादी खिशात घातली.

तेवढ्यात बर्फ गरजला.
एक लांब धडधड पायांखालून निघाली
आणि पार दुसऱ्या किनाऱ्याला गेली.
मी त्याची बाही धरली.
तो आपला नाक पुसत होता.
बोलतोय, म्हणाला. थंडी वाढली की बोलतो.
एप्रिलच्या तोंडावर गप्प होतो,
तेव्हा मी याच्यावर पाय ठेवत नाही.

हे वहीत कुठे लिहायचं कळेना.
तसा रकाना नव्हता.
आणि तो माझ्या छातीबद्दल बोलतच नव्हता,
हेही मला ठाऊक होतं.

परतताना अर्ध्या वाटेवर थांबले.
इंजिन बंद केलं, दार उघडलं.
पांढरं, पांढरं, आणि कडेला खुणेच्या फांद्या.
वाट बघितली, पण बर्फ काही बोलला नाही.
११.४० थांबले. मनाई आहे.
काय वाटलं: गार.

रात्री तूरेचा हात घेतला,
तारांमधून वाट काढून गळ्यावर ठेवला.
मफलर टोचत नाही, म्हटलं. हे आहे.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग हलक्या आवाजात मोजू लागला,
शाळेत मोजतात तसं, प्रत्येक आकड्यावर थांबत,
आणि अठरावर झोपी गेला.

एकोणिसावा जरा लवकर आला.