पांढरा साका

बारावीपर्यंत पर्यावरण म्हणजे
वीस मार्कांची वही,
सगळ्या वर्गानं एकाच वहीवरून उतरवलेली,
मुखपृष्ठावर कापसाचे ढग.
म्हणून मी बीएस्सीला तोच विषय घेतला तेव्हा
हुपरीत आत्तीनं विचारलं,
"म्हंजे झाडं लावायची व्हय?
त्याला कॉलेज कशाला?"

मी काही बोलले नाही.
मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

आता तिसऱ्या वर्षी माहीत आहे
की जयंती नाल्यात बादली सोडताना
दोराचे दोन वेढे मनगटाला घ्यायचे,
आणि नाक नाही, आधी तोंड मिटायचं.
बाटली भरायची तळापासून, हळू, काठोकाठ,
एकही बुडबुडा न ठेवता.
बाहेरची हवा आत गेली
की पाणी खोटं बोलतं.

पुलावर लोक थांबून बघतात.
"काय सापडलं का?" एकजण गाडीवरूनच ओरडतो.
शमा मुल्लाणी मान वर न करता म्हणते,
"हुडकायलोय अजून."

दोन मिली हे, दोन मिली ते,
बूच दाबून पंधरा वेळा उलटंपालटं.
पाण्यात श्वास असेल तर
साका तपकिरी बसतो,
काहिलीवरच्या मळीसारखा.
नसेल तर पांढरा.

राजाराम बंधाऱ्याचा तपकिरी आला, फिका.
नाल्याचा पांढरा.
इतका पांढरा, की पहिल्या वर्षी
मी हरखून ओरडले होते,
"मॅडम, कसला शुभ्र आलाय!"
हळदकर मॅडम काही म्हणाल्या नाहीत.
फळ्यावर शून्य काढलं,
पुढे दशांशाचा ठिपका,
आणि परत शून्य.

प्रकल्पाला सहावा नमुना हवा होता.
तो मी आमच्या दारातून घेतला.
शेडमागची गटार,
जिथं आबा पैंजण उजळतात,
तेजाबात बुडवून, रिठ्याच्या पाण्यात घासून.
माझी तीन वर्षांची फी
ह्याच पाण्यातून धुऊन निघाली आहे.

आबा उंबऱ्यावर बसून बघत होते,
हातमोजे, बाटली, चिठ्ठीवरचा नंबर.
"चांदी हुडकतीस काय?" म्हणाले.
"ती न्हाई गावायची तुला.
झाडलेली माती आपण पोत्यात भरतो,
हात धुतलेलं पाणी पिंपात निवळतो,
तळाचा गाळसुदीक इकतो.
आलं किती, गेलं किती, अडकलं किती,
गुंजभर इकडंतिकडं झालं
तर झोप लागत न्हाई मला."

माझं पेन थांबलं.
दुसऱ्या वर्षीचं अख्खं प्रकरण होतं ते,
वस्तुमानाचा ताळेबंद.
मला त्यात पन्नासपैकी तेवीस पडले होते.

"आणि तेजाब?" मी विचारलं.

आबा नखांकडे बघत राहिले.
पिवळी नखं, कितीही घासली तरी तशीच.
"त्येला कोण इकत घेतंय," म्हणाले,
आणि उठून दिवा लावायला आत गेले.

रात्री वहीत अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले.
सामू लिहिला, दोन पूर्णांक एक.
"परिसरातील व्यवसाय" ह्या रकान्यात
लिहिलं, खोडलं,
मग खोडलेलं वाचता येईल इतकंच खोडलं.

सकाळी एसटीला सोडायला आले.
पिशवीत माझा डबा, बर्फात गुंडाळलेली बाटली.
गाडी हलता हलता खिडकीजवळ येऊन म्हणाले,
"चुना टाकला तर मारतोय न्हवं तेजाब?
दिसाला किती लागंल?
तेवढं काढून ठेव."

तिकिटाच्या पाठीवर मांडलं.
किलो आले चाळीस.
एवढा चुना आमच्या शेडमध्ये मावणार कुठं?
गडमुडशिंगीला लक्षात आलं, दशांश चुकलाय.
शेजारच्या बाईंकडे कागद मागितला.
त्यांनी लग्नपत्रिकेचं पाकीट दिलं,
हळद लागलेलं.
कोऱ्या बाजूला
मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.