न हलणारा ठिपका

सकाळी साडेसहाला माऊनच्या धावपट्टीशी
आम्ही सात विमानं रांगेत,
एकेका इंजिनाची, धुरळ्यानं भुरकी पडलेली.
पोटात पाहुण्यांच्या मऊ पिशव्या, अंड्यांचे ट्रे,
कुठल्याशा छावणीच्या फ्रिजचा सुटा दरवाजा.
आणि पुढे सगळं आभाळ रिकामं.

रिकामं दिसतं, एवढंच.

गाओलाथेनं मला पहिले तीन दिवस
विमानात बसूच दिलं नाही.
फडकं दिलं, पाण्याची बाटली दिली, काच पूस म्हणाला.
वरून खाली. गोल गोल नको,
गोल ओरखडे उन्हात पेटतात.
मी पुसली. त्यानं नखानं एक काळा कण दाखवला.
हे काय?
माशीचा पाय, मी म्हटलं.
चार मैलांवरचं विमान एवढंच असतं, तो म्हणाला,
आणि चहाला निघून गेला.

नजर फिरवायची नाही, टेकवायची,
पिठाच्या डब्यात बोट टेकवावं तशी,
एका जागी, मग शेजारी, मग त्याच्या शेजारी.
फिरत्या डोळ्याला काही दिसत नाही
आणि रिकाम्या निळ्यात डोळा आळशी होतो,
हातभर अंतरावरच रेंगाळतो.
जे काचेवरून सरकतं त्याला भिऊ नकोस,
ते आपल्या वाटेनं चाललंय.
जे हलत नाही,
एका जागी बसून फक्त मोठं होतं,
ते तुझ्याकडे येतंय.

उपग्रह आले आणि आम्ही सगळे अचूक झालो.
छावणीपासून छावणीपर्यंत एकच रेघ, केसाएवढी,
जाणारे तिच्यावर, येणारेही तिच्यावर.
जुन्यांना त्यांच्या गबाळेपणानं वाचवलं, गाओलाथे म्हणायचा.
तू मुद्दाम थोडी चूक.
रेघेच्या उजवीला अर्धा मैल.

त्या दिवशी मी चुकले नाही.

सप्टेंबर. गवत पेटलेलं, धुरानं क्षितिज पुसलेलं.
नदी जिथे दुभंगते तिथे सगळेच वळतात.
मी रेडिओवर जागा सांगितली, उंची सांगितली,
साडेचार हजार,
आणि त्याच क्षणी आणखी कुणीतरी बोलत होतं.
दोघं एकदम बोललं की कानात नुसती किंकाळी येते.
कुणाचं नाव बुडालं त्यात, कुणाची उंची,
मी विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.

काचेवर ठिपका.
सकाळी पुसली होती ना?
मी मान हलवली, जराशी, डावीकडे.
माशी असती तर धुरावरून घसरली असती.
ती धुराबरोबरच राहिली.

मग हात आधी वळले, मी नंतर.
उजवीकडे, सगळं उजवीकडे.
डावा पंख वर गेला आणि त्याच्याखाली
एक अख्खं पोट,
रिव्हेटांच्या ओळी, तेलाचा लांब ओघळ,
चाकाच्या खोबणीत अडकलेली गवताची काडी.
काडी दिसली मला.

मागच्या सीटवरची बाई कॅमेरा खाली करत म्हणाली,
काय छान वळवलंत, हत्ती दिसले.

संध्याकाळी हँगरमागे पाण्याच्या टाकीखाली
त्शेनोलो उकिडवा बसला होता.
त्यानं आल्याचं सरबत पुढे केलं. मी घेतलं.
बराच वेळ आम्ही कावळ्यांकडे बघत होतो,
की तेही ठिपक्यांसारखे वाटले म्हणून
नव्हतो बघत, आठवत नाही.
तुझ्या विमानाला तेल गळतंय, मी म्हटलं.
माहीत आहे, तो म्हणाला. सोमवारी दाखवणार आहे.
मग ग्लास उलटा करून उरलेले थेंब मातीत झटकले
आणि उठता उठता म्हणाला,
तुझ्या डाव्या चाकात
हवा कमी आहे.

मी जाऊन पाहिलं.
होती.