कुठल्या बाजूनं

मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कपाटामागं,
आधी एक डाग आला, चहाच्या बशीएवढा.
मग पोपडे. मग काळे ठिपके,
सांडलेल्या मोहरीसारखे, पण वेचता न येणारे.
सोसायटीत सगळे म्हणाले, भेज छे.
मी म्हणाले, ओल आहे,
आणि वर बोट दाखवलं.

वर निरुपमाबेन राहतात.
त्यांची न्हाणी नेमकी त्या भिंतीवर येत नाही,
थोडी उजवीकडं आहे,
पण रागात नकाशा कोण बघतं.
दोन चातुर्मास आम्ही बोललो नाही.
त्यांनी फरशी उखडली, पुन्हा बसवली;
हातोडीचे ठोके मी समाधानानं मोजले.
डाग वाढून ताटाएवढा झाला.
पाणी कुठंतरी मुरतंय, मी बहिणीला फोनवर सांगायची,
आणि सांगताना माझ्या आवाजाला
एक ऐट यायची.

यंदा इर्शाद मन्सुरी आला, वॉटरप्रूफिंगवाला.
नाण्यानं त्यानं भिंत वाजवली, कान लावला.
मी केमिकलचा भाव विचारला.
मावशी, तो म्हणाला, आधी फॉइल द्या,
तुम्ही पोळ्या गुंडाळता ते.
वीतभर तुकडा, चारी कडांना चिकटपट्टी.
दोन दिवस हात लावायचा नाही.
मागून ओला झाला तर भिंतीचं पाणी.
पुढून झाला, तर
तो थांबला.
खोलीतल्या दोरीकडं त्यानं बघितलं.

दोन दिवस तो चकचकीत चौकोन
मला माझाच पुसट चेहरा दाखवत राहिला.

तिसऱ्या सकाळी फॉइलवर थेंब होते.
पुढच्या बाजूनं.
सोलून बघितलं. मागं भिंत कोरडी, खडूसारखी.

भिंतीपलीकडं हे झोपतात.
अर्धांगाला आता सव्वातीन वर्षं.
एसी अठरावर, रात्रंदिवस,
घाम आला की पाठ सोलवटते.
भिंतीअलीकडं मी चादरी वाळत घालते,
रोजच्या तीन, कधी पाच,
पावसाळ्यात आमच्या गॅलरीत काही सुकत नाही म्हणून,
आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून
खिडकी लावून.
त्या गार भिंतीला ते सगळं येऊन टेकायचं.
वरून काहीच येत नव्हतं.
मीच दोन्ही हातांनी, पिळून पिळून,
रोज थोडं थोडं आणत होते.

इर्शादनं पैसे घेतले नाहीत.
खिडकी उघडी ठेवा म्हणाला, कपाट चार बोटं पुढं ओढा.

जिना चढताना मी वाक्य जुळवलं,
मराठीत, मग गुजरातीत.
दोन्हींत ते सारखंच लंगडं.
निरुपमाबेननी दार उघडलं. सगळं ऐकून घेतलं.
"अगियार हजार थया'ता," त्या म्हणाल्या. "टाइल्सना."
त्यावर माझ्याकडं काही नव्हतं.
पंखा फिरत होता कुठंतरी.
त्यांच्या गॅलरीला पत्रा आहे, दोरी आहे,
हे इतक्या वर्षांत मी पाहिलंच नव्हतं.
त्या आत गेल्या. मला वाटलं, दार लावतील.
बाहेर आल्या तेव्हा
हातात चिमट्यांचा डबा.
"चादर केटली छे?"

पाच, मी म्हणाले.
आज पाच.