पावती क्रमांक सत्तेचाळीस

मानवतच्या बंद जिनिंगात
आम्ही सहा ट्रॅक्टर ठेवलेत.
त्यातला एक चालतो, उतारावर.

बाकी लाकूड. कुळव, वखर, दोन तिफणी,
मोटेची सोंड, उंदरांनी निम्मी खाल्लेली,
आणि एक जू, जे कुणीतरी
लग्नाच्या मांडवाला आडवं बांधायला नेलं
आणि हळदीसकट परत आणलं.

लोक म्हणतात, कशाला हा पसारा,
भंगारवाला दारात रोख मोजतोय.
मी काही बोलत नाही. पावतीपुस्तक पुढं सरकवतो.
पावती पन्नासची.
अठरा पावत्यांचा एक पत्रा होतो,
आणि शेड गळतं ते नेमकं आयशरच्या डोक्यावर.

बत्तीस वर्षं तलाठी होतो.
दुसऱ्यांच्या जमिनी सुवाच्य अक्षरात लिहिल्या.
अक्षर अजून तेच आहे,
फक्त आता लिहून झाल्यावर कुणी हात जोडत नाही.

गौसमिस्त्री रोज दहाला येतो.
आयशरचं नोझल काढतो, रॉकेलात बुडवतो,
फुंकतो, उजेडाला धरून बघतो, परत बसवतो.
सगळं तयार आहे म्हणतो. फक्त हँडल नाही.
हे सेल्फवालं नाही, ह्याला हातानंच उठवावं लागतं.

मंगळवारी कौसाबाई आली, केकरजवळ्याहून,
जीपच्या मागच्या फळीवर बसून,
धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन.
सोडलं तर हँडल.
"ह्यानं मालकाचं मनगट मोडलं.
ते म्हणले घरात नगं. म्या गोठ्यात रोवलं.
तीन म्हशी आन् एक वगार बांधली ह्याला,
हाललं न्हाई."

मिस्त्रीनं ते दोन्ही हातांनी घेतलं,
लेकराचं नाळ कापल्यावर घेतात तसं.

ती मग फिरून बघत राहिली.
तिफणीपाशी थांबली. पाटी वाचून दाखव म्हणाली.
मी वाचली, माझ्याच अक्षरातली:
तिफण, बाभळीची, एका वेळी तीन ओळी पेरते.
"ही पेरते?"
मी गप्प.
"एकलीच?"

खाली वाकून तिनं फरशीवरची धूळ मुठीत घेतली,
चाड्यावर धरली,
आणि सोडू लागली.
कुठलं बोट उघडलं, कुठलं मिटलं, मला दिसलं नाही.
तिन्ही नळ्यांतून खाली
तीन बारीक रेघा पडत गेल्या, सारख्या.
मिस्त्री नोझल फुंकायचा थांबला.

पावतीवर नाव काय घालू?
"माझंच. मधी कुनाचं नगं."
केकरजवळ्याचा तो गट मला पाठ आहे.
सासरा, दोन दीर, नवरा, नंतर दोन पोरं.
मीच लिहिलं होतं ते सगळं.
कौसाबाई निर्वळ हे नाव
त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं, आणि
'निर्वळ'मधला रफार देताना पेन अडकलं.

किंमत?
"जनावर इकलं तरी दावं देत नसतेत, तलाठीआप्पा.
म्या खुटा दिलाय."
रकाना तसाच ठेवला.

ती गेल्यावर मिस्त्रीनं हँडल लावलं,
अंगठा बाहेर ठेवून, जुनी माणसं ठेवायची तसा.
तिसऱ्या फेऱ्याला आयशर एकदा खोकला.
काळा धुराचा गोळा
गळक्या भोकातून वर गेला.
मग पुन्हा शांत.
"उठंल," मिस्त्री म्हणाला, "जाग आलीय."

मी पाटी उतरवली. 'पेरते' खोडलं.
वर लिहिलं, 'हिच्यावर बाया पेरत',
आणि खाडाखोडीवर सही केली, सवयीनं.

झाडणाऱ्या पोराला सांगितलंय,
तिफणीखालचं झाडू नको.

तिसऱ्या पत्र्याला अजून आठ पावत्या कमी आहेत.