पासंग

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं.
भुलेश्वर, मशीद बंदर, शेवटी कुर्ला.
दुकानदार मला बघून खुर्ची पुसायचे,
मी आधी तराजू बघायचो, रिकामा,
काटा कुठे थरथरतो, कुठे थांबतो.
पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण,
चिंचेचा गोळा,
एकदा तर चुन्याची अख्खी डबी.

आता माझंच काहीतरी काढून घेतलंय
अक्रोडाएवढं,
आणि त्याचा मागे उरलेला अंश
दर तीन महिन्यांनी रक्तात शोधायचा असतो.
गुंजेच्याही खालचं माप.
सोनारसुद्धा हसला असता.

खोकलो की लुंगी ओली.
हेमलता मेडिकलवाल्याला सांगते,
सासूबाईंसाठी हवेत, मोठ्या मापाचे.
आई जाऊन बावीस वर्षं झाली.

पहिल्यांदा घरी रक्त न्यायला आलेल्या मुलानं
हेल्मेटही काढलं नाही.
नळी ठेवली डब्याशेजारी, बाहेर मे महिना.
शून्य पॉइंट शून्य सहा.
पंधरवड्यानं स्टेशनसमोरच्या सवलतवाल्यांकडे:
शून्य पॉइंट एकपेक्षा कमी.
कमी म्हणजे किती कमी?
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, नॉर्मलच आहे.
मग हॉस्पिटलमध्ये: शून्य पॉइंट शून्य दोन.
माणूस एक, तराजू तीन,
आणि रात्रभर पंख्याखाली मी
दशांशचिन्ह इकडून तिकडे सरकवत.

डॉक्टर केळुसकरांनी तिन्ही कागद बाजूला सारले.
एकच लॅब धरा, एकच मशीन.
एका आकड्याला घाबरू नका,
रेघ कुठे जाते ते बघू.

म्हणून पुन्हा निघालो फेरीवर,
चेंबूर, टिळकनगर, विद्याविहार,
खिशात ओळखपत्र नाही, दंडाची पावती नाही.
मशीन कुठलं? मध्ये बदललं का?
रोज सकाळी तपासता का, माहीत असलेल्या मापानं?
रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येईल, म्हणाले सगळे.

घाटकोपरला, फरसाणाच्या दुकानावर,
पापडीच्या वासात बसलेल्या अल्विना डिमेलोनं
उत्तर दिलं नाही, रजिस्टर उघडलं.
रोजचा एक ठिपका, वर्षभराचे ठिपके,
मधल्या रेषेला धरून वरखाली.
हा बघा अंकल, गुरुवारी वर पळाला होता,
त्या दिवशी एकही रिपोर्ट सोडला नाही.
चष्मा पुसायला मला
जरा जास्तच वेळ लागला.

तिच्याकडे दोनदा झालं. शून्य दोन, शून्य दोन.
आज तिसऱ्यांदा. संध्याकाळी फोन.
अंकल, आज आकडा देत नाही.
कंट्रोल बसला नाही. उद्या परत लावते.
उद्या नाही बसला तर परवा.

मी हसत बाहेर आलो.
कमी आला? हेमलता उठून उभी.
आलाच नाही.
ती बघत राहिली, कपाळाला हात लावू की नको.

तिला कसं सांगू
कुर्ल्याच्या त्या कोळसेवाल्याबद्दल,
ज्यानं मी पोचायच्या आधीच
काटा उतरवून पोत्यावर आडवा ठेवला होता.
साहेब, परवापासून खातोय. विक्री बंद केलीय.
त्याचं नावही आठवत नाही.
मी मुद्रा बघितली, मुदत टळलेली,
आणि नियमाप्रमाणे
त्याला दंड केला.

झोप लागणार नव्हतीच.
वही काढली. तारीख घातली.
आकड्याचा रकाना कोरा.
शेऱ्याच्या रकान्यात, जुन्या सरकारी अक्षरात:
काटा थांबवला. योग्य.

हेमलता खांद्यावरून वाचत होती.
म्हणाली,
दंड किती?